मैत्रीभावनेचा उलटा क्रम

संपादकांचं पत्र आलं, "सिस्टर, दवाखान्यातले अनुभव लिहा." मी आधी नाहीच म्हणणार होते. एकतीस वर्षं गुप्तरोग विभागाच्या ड्रेसिंग रूममध्ये जखमा धुतल्या, इंजेक्शनं दिली, पट्ट्या बांधल्या. त्यातलं बरंचसं असं आहे की वाचता वाचता हातातला चिवडा खाली ठेवावा लागेल. पण एक काम माझ्या सर्व्हिस बुकात कुठंच नाही. ते मी रविवारी, सुट्टीच्या दिवशी केलं. त्यात मला जेवढं समाधान मिळालं तेवढं नोकरीत मिळालं नाही, आणि माझ्या हातून सगळ्यात मोठी चूकही त्यातच झाली. म्हणून तेच लिहिते. माणसांची नावं बदलली आहेत.

नव्वदच्या पुढची वर्षं. आमचा विभाग सांगलीतल्या एका मोठ्या दवाखान्याच्या पार मागं, धोबीखान्याला लागून होता. पेशंट पुढच्या दारानं येत नसत. खरं नावही सांगत नसत. एका सकाळी केसपेपरवर सात पाटील यायचे आणि त्यांतला एकही पाटील नसायचा. एचआयव्हीची भीती नुकतीच पसरली होती. काहीजण चिमट्यानं कापूस धरून, मान लांब करून ड्रेसिंग करायचे. मी हातमोजे घालायचे, पण मान लांब करायचे नाही. एवढाच माझा लौकिक.

बाहेरच्या माणसाला वाटतं, ड्रेसिंग म्हणजे मलम लावून पट्टी बांधणं. तसं नसतं. जखम रोज उघडायची, बघायची, धुवायची. अर्धं काम आमचं, अर्धं पेशंटनं घरी करायचं. त्यानं ते केलं नाही तर आमचं अर्धं वाया जातं.

बाळू असाच एक 'पाटील'. तिशीचा, मिरजेत त्याचं इस्त्रीचं दुकान. जांघेत गळू फुटून मोठी जखम झालेली. दोन दिवसांनी ये म्हटलं की दहा दिवसांनी यायचा, तोपर्यंत पट्टी सडलेली. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा मी रागावले.

"मलम दिलं होतं ना? लावलं का नाहीस?"

"हाय घरात."

"मग?"

तो भिंतीकडं बघत म्हणाला, "शिस्टर, लोकांच्या शर्टाला एवढीशी सुरकुती ऱ्हायली तर मी परत इस्त्री मारतो. पन ह्या अंगाला हात लावू वाटत न्हाई. किळस येती."

"जखमेची?"

"माझी."

मग हळूहळू त्यानं सांगितलं. त्याला बायकांत गोडी नव्हती, कधीच नव्हती. मिसरूड फुटायच्या आधीपासून त्याला ते ठाऊक होतं. आई गेली तेव्हा भावानं त्याला तिरडीला खांदा देऊ दिला नव्हता. हे सांगताना तो रडला नाही. दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं सांगितलं.

अशा माणसांसाठी तेव्हा आमच्याकडं चांगला शब्दच नव्हता. जे होते ते शिवी म्हणून वापरायचे. दवाखान्यात आम्ही 'तसले' म्हणायचो. मीही म्हटलंय. आणि त्याच्या त्या 'माझी'वर माझ्या ट्रॉलीत औषध नव्हतं.

माझ्याकडं होतं ते दुसरीकडचं. आमचं घर बौद्ध. छप्पन साली आजीनं घरातले देव टोपलीत घालून कृष्णेत सोडले, ती गोष्ट ऐकत मी मोठी झाले. आमच्या वस्तीतल्या विहारात धम्मवर्ग चालायचा, तिथं मी मैत्रीभावना शिकले होते. डोळे मिटून बसायचं. आधी स्वतःसाठी म्हणायचं, मी सुखी होवो, मी निर्भय होवो, माझं कल्याण होवो. मग तेच आवडत्या माणसासाठी, मग अनोळख्यासाठी, मग ज्याचं भलं चिंतणं आपल्याला जड जातं त्याच्यासाठी, आणि शेवटी सगळ्या प्राणिमात्रांसाठी. एवढंच. फुकट, आणि कुठंही करता येणारं.

मी बाळूला म्हटलं, रविवारी दहा वाजता विहारात ये. आणखी दोघांना तेच सांगितलं.

त्यातले एक शामराव. पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनीत आलेले, कोरेगावकडचे, घरी ऊस, बायको, सुना, नातवंडं. सातारा जवळ असताना ते पॅसेंजरनं सांगलीला औषधाला यायचे. "साताऱ्यात दवाखाना नाही का?" असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "हाय की. पन तिथं वळखीची मानसं बी हायत."

दुसरी लक्ष्मीआक्का. आटपाडीची. आईबापांनी नाव लक्ष्मण ठेवलं होतं. अंगात देवीचं आहे म्हणून चौदाव्या वर्षी यल्लम्माला सोडलं आणि लुगडं नेसवलं. असे जोगते आमच्याकडं पुष्कळ. आक्का डोक्यावर देवीचा जग घेऊन गावोगाव जोगवा मागायची. जग म्हणजे टोपलीत बसवलेला देवीचा मुखवटा, भोवती हिरवं कापड आणि मोरपिसं. गावातले लोक सकाळी तिच्या पाया पडायचे आणि दिवसभर तिची टिंगल करायचे. ती म्हणायची, "पाया पडनारी बी तीच आन दगड मारनारी बी तीच. हात तेवढं बदलत्यात."

विहार समितीचे अध्यक्ष आबा, निवृत्त शिक्षक. मी त्यांना सांगितलं, माझे पेशंट आहेत, मनानं खचलेले, ध्यान शिकवायचंय. त्यांनी किल्ली दिली. पेशंट कसले, हे मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

पहिले तीन रविवार साफ फसले. मी शिकले तसं शिकवत होते. "मी सुखी होवो" म्हटलं की बाळू पाणी प्यायला उठायचा. आक्काला हसू फुटायचं, आवरायचंच नाही. शामराव ताठ बसायचे, पण कपाळावर घाम. तिसऱ्या रविवारी ते म्हणाले, "सिस्टर, तुमी आर्डर द्या, दोन तास हालनार न्हाई. पन ते वाक्य म्हणू नका. नळीत गोळी अडकल्यावानी हुतं."

मी घरी आले आणि माझ्या नवऱ्याला म्हटलं, मला शिकवता येत नाही. ते एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. म्हणाले, "तुला जे येतं त्यातनं बघ की."

मला येत होतं ड्रेसिंग. सोमवारी एका म्हाताऱ्याचा पाय धूत होते. पू झालेली जखम आम्ही बाहेरून आत धुतो. आधी चांगल्या कातडीवरून कापूस फिरवायचा, मग कडेकडेनं आत, सगळ्यात शेवटी मधोमध. हात कामात असतानाच मला दिसलं की मी या तिघांच्या जखमेत पहिल्याच दिवशी मधोमध बोट घालत होते.

चौथ्या रविवारी क्रम उलटा केला. म्हटलं, स्वतःला राहू दे. असं काहीतरी आठवा की ज्याचं भलं व्हावं असं म्हणताना जीभ अडत नाही. माणूस नसलं तरी चालेल.

बाळूला एक कानतुटकी मांजर आठवली. दुकानात इस्त्री केलेल्या गरम कपड्यांवर येऊन झोपायची. शामरावांना पलटणीतलं खेचर. बर्फात त्यांच्या तोफखान्याचं सामान वाहणारं. ते म्हणाले, "राणी नाव हुतं तिचं. लय सोसलं तिनं." आणि त्यांनी डोळे मिटले ते पंचवीस मिनिटं उघडले नाहीत.

आक्का म्हणाली, "मी देवीसाठी म्हणू का?"

मी गडबडले. विहारात देवी. "देवीला काय कमी आहे?"

"सगळी तिच्याकडं मागायलाच येत्यात, बाई. तिला कुनी म्हणतं का, तू सुखी ऱ्हा म्हणून?"

मी म्हटलं, म्हण.

तिथून गाडी रुळावर आली. मांजरापासून शेजारणीपर्यंत, शेजारणीपासून अनोळख्या पॅसेंजरपर्यंत, असं कडेकडेनं आम्ही आत येत होतो. चार महिन्यांनी एकदा ड्रेसिंग रूममध्ये बाळूची पट्टी सोडली तर आतली जखम लाल, स्वच्छ, भरत आलेली. तोच म्हणाला, "धुतो आता. रोज." आणि जरा वेळानं, "धुताना बोलतो बी जखमेशी. येड्यावानी."

माणसं वाढली. अकरा झाली. कराडहून दोघी यायच्या, एकाच खोलीत राहणाऱ्या. त्यांतली एक वर्षभर एक शब्द बोलली नाही, पण एकही रविवार चुकवला नाही. ध्यान संपलं की आम्ही शेंगदाणे-गूळ खायचो आणि कुणाला काय जड गेलं ते सांगायचो. सल्ला कुणी द्यायचा नाही, हा नियम शामरावांचा. "सल्ला घरात लय मिळतो," ते म्हणायचे.

आता चुकीकडं येते.

आक्का जोगवा मागत मागत यायची, तेव्हा जग बरोबर असायचा. सुरुवातीला ती तो दारातल्या कट्ट्यावर ठेवायची. समितीतल्या कुणीतरी पाहिलं आणि आबांनी मला बोलावलं. मला वाटलं, अकराजण कोण आहेत ते त्यांना कळलं. त्यांना ते केव्हाच कळलं होतं, आणि त्याचं त्यांना काही नव्हतं.

"तुझी माणसं बसू देत," ते म्हणाले. "कोण कसा आहे ते बघायला विहार नाही. पण ती टोपली माझ्या दारात नको."

"आबा, बाहेरच असते."

"माझ्या थोरल्या बहिणीला सोडली होती त्या देवीला. नऊ वर्षांची होती. पुढं तिचं काय झालं ते तुला सांगायची गरज नाही. नर्स आहेस." त्यांचा आवाज चढला नव्हता. "आपण ते नदीत सोडलंय, सुमन. परत उचलून आणायला नाही."

मला दोघांचंही पटत होतं, आणि दोघांचं पटतं तेव्हा माणूस सोपा रस्ता धरतो. मी आक्काला म्हटलं, जग कुंपणाजवळ लिंबाखाली ठेवत जा, आबांना त्रास होतो. तिनं माझ्याकडं बघितलं. "तुमाला बी हुतो का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "नियम आहे." खरं उत्तर ते नव्हतं. मलाही होत होता. आजीनं सोडलेल्या टोपलीसारखीच ती टोपली होती.

दुसऱ्या रविवारी ध्यान संपवून बाहेर आलो तर लिंबाखाली जग नव्हता. कुंपणाबाहेर रस्त्याकडेला पडला होता. एक शेळी हिरवं कापड ओढत होती, मोरपिसं धुळीत. आबांनी तो उचलून बाहेर ठेवला होता. त्यांनी ते नंतर स्वतः कबूल केलं: मोडायचा नव्हता, फक्त आवाराबाहेर करायचा होता. पण शेळीला काय कळतं.

आक्का ओरडली नाही. खाली बसली, मुखवटा पदरानं पुसला, पिसं एकेक करून वेचली आणि जग डोक्यावर घेऊन स्टँडच्या दिशेनं चालू लागली. मी हाक मारली. ती थांबली नाही.

पुढचा रविवार ती आली नाही. त्याच्या पुढचाही नाही. मी म्हणत होते, येईल. कामं असतील. महिने गेले. एका रविवारी शामरावांनी ध्यान सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसमोर विचारलं, "सिस्टर, आक्काकडं कवा जानार?"

"तिचा राग शांत होऊ दे."

"राग तिचा न्हाई, चूक तुमची हाय. पलटणीत मानूस मागं ऱ्हायला तर पुढचा थांबतो. तुमी तर शिकवनाऱ्या."

सल्ला द्यायचा नाही हा नियम त्यांचाच होता. तो त्यांनी त्या दिवशी मोडला.

मी रजा टाकली आणि आटपाडीची एसटी धरली. उन्हाळा. गावाबाहेर नव्यानं लावलेल्या डाळिंबाच्या बागा, बाकी माळ. आक्काचं पत्र्याचं घर शोधायला त्रास झाला नाही. नाव घेतलं की माणसं हसून बोट दाखवत होती. ती दारात बसून मोरपिसं दोऱ्यानं बांधत होती. उठली नाही. पण पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

मी तोंडपाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, "आक्का, मी चुकले. नियमाआड लपले. जग तिथं मी ठेवायला लावला, आबांनी नाही."

तिनं दोरा गुंडाळून पिसांना गाठ मारली. मग म्हणाली, "मी बसती बरं का रोज. सकाळी, पानी भराय जायच्या आदी."

"मैत्रीला?"

"व्हय. देवीपासनं सुरू करती. मग शेजारची म्हातारी. मग यष्टीतला कंडक्टर, त्यो मला पुढं बसू देतो. आन मग ते, जे जड जातं त्याचं." तिनं माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. "तितं तुमाला ठिवलंय, बाई."

मी तांब्यातलं पाणी प्यायले.

"अजून जमत न्हाई," ती म्हणाली. "तुमचं त्वांड समूर आलं की ती शेळी दिसती. पन सोडलं न्हाई मी. रोज तितपातूर येती आन थांबती."

"आणि स्वतःचं?"

"ते झालं कवाच. तुमच्यापरास मी सोपी हाय." आणि ती हसली, ते तिचं न आवरणारं हसू नव्हे, साधंच.

मी एवढी वर्षं लोकांच्या जखमा बघितल्या. कुणाच्या तरी जखमेत मी स्वतः होते, हे बघायची वेळ पहिल्यांदा आली. मी ठरवलं की जागा बदलायची. आक्का जिथं जग घेऊन बसू शकत नाही तिथं मी मैत्री शिकवणार नाही.

आबांकडं जाऊन किल्ली परत केली. त्यांनी वाट काढायचा प्रयत्न केला. म्हणाले, आत ग्रंथालयाचं कपाट आहे, प्रवाशाचं सामान म्हणून ठेवू दे. मी तो निरोप आक्काला पोस्टानं कळवला. उलट टपाली कुणाकडून तरी लिहून घेतलेलं कार्ड आलं: सामान नाही, आई आहे. आबांनी ते कार्ड वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "तिचंही बरोबर आहे." आबांवर माझा राग कधीच नव्हता. त्यांच्या बहिणीचं दुःख आणि आक्काचा देव एकाच टोपलीत होते. ते वेगळे करणं माझ्या हातात नव्हतं.

जागा शोधत दोन महिने हिंडले. शाळेची खोली, तालीम, एका संस्थेचा हॉल. कोण येणार म्हणून विचारलं की मी आता खरं सांगायचे, आणि खरं सांगितलं की किल्ली सापडायची नाही. शेवटी एका रविवारी, आक्का सोडून आम्ही सगळे कृष्णेच्या घाटावर उन्हात बसलो असताना बाळू म्हणाला, "माजं दुकान हाय की. रविवारी बंदच असतंय."

दुकान म्हणजे दहा बाय बारा. भर गल्लीत. मी म्हटलं, "बाळू, गल्लीला कळेल."

"कळू दे."

"गिऱ्हाईक तुटेल."

"कापडं चुरगळायची थांबनार हायत का?" तो म्हणाला. "आईच्या मयतीला भाऊ म्हणला, तू मागं ऱ्हा. मी ऱ्हायलो. आता न्हाई ऱ्हानार."

शामरावांनी विचारलं, "शटर खाली घ्यायचं का?"

"उघडं ठेवायचं," बाळू म्हणाला.

मी आक्काला पत्र टाकलं. पहिल्या रविवारी ती साडेनऊलाच आली होती. बाळूनं इस्त्रीच्या टेबलावर धुतलेली चादर अंथरली आणि तिनं जग त्यावर ठेवला. मी जवळ गेले आणि एक वाकडं पीस सरळ केलं. देवाला हात लावायची माझी ती जन्मातली पहिली वेळ. नमस्कार मी केला नाही, आणि तिनं अपेक्षाही केली नाही. तिच्या 'जड' जागेवरून मी पुढं सरकले का, हे मी तिला कधी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. ते तिचं होतं.

पहिले काही रविवार गल्लीतली माणसं उभी राहून बघायची. कुणी शिट्टी मारायचं. एकदा दाराशी कुणीतरी खरकटं टाकलं. बाळूनं ते झाडलं आणि येऊन बसला. चार-पाच गिऱ्हाइकं तुटली, त्यांतली दोन परत आली, कारण तेवढी कडक इस्त्री दुसरीकडं मिळेना. माझी बदली झाली तरी रविवार चालू राहिला. मी नसले तर आक्का बसवायची, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा चांगलं बसवायची. 'तसले' हा शब्द माझ्या तोंडून गेला. त्याजागी शब्द नाही आला, नावं आली.

एक रविवार तेवढा सांगते. आम्ही बसलो होतो, डोळे मिटलेले, आक्काचा आवाज चालू होता. दारात चपला वाजल्या. मी डोळे किलकिले केले. समोरच्या वाड्यातल्या काकू, साठीच्या, हातात मुंजीला नेसायच्या साड्यांचं गाठोडं. त्यांनी आत बघितलं. टेबलावर देवी, खाली हवालदार, जोगतीण, कराडच्या दोघी, आणि मधे त्यांचा इस्त्रीवाला.

"बाळू, झाल्या का रे माझ्या कालच्या साड्या?"

बाळूनं डोळे उघडले नाहीत. पूर्वीचा बाळू धडपडत उठला असता. तो शांतपणे म्हणाला, "काकू, धा मिनिटं. बसा."

काकू उभ्याच राहिल्या. जातील असं मला वाटलं. मग त्यांनी गाठोडं खाली ठेवलं, उंबऱ्यावर टेकल्या, आणि जरा वेळानं त्यांचेही डोळे मिटलेले मी पाहिले. कुणासाठी काय म्हणत होत्या कोण जाणे.

संपल्यावर बाळूनं कालच्या साड्या दिल्या. काकू भिंतीला धरून उठल्या.

"गुडघे दुखतात रे," त्या म्हणाल्या. "खाली बसवत नाही. इथं एखादं स्टूल ठेव."

बाळूनं पुढच्या रविवारी स्टूल ठेवलं. सव्वादहा वाजता काकू येऊन त्यावर बसल्या. त्या दिवशी त्यांच्या हातात साड्या नव्हत्या.